माशांचं पारणं

आमच्या तळ्यातल्या माशांनी आठ दिवस कडक उपास केला आणि त्याचं सगळं पुण्य मी एका सकाळीत बुडवलं.

माझ्या मुलानं, रघुनं, चेन्नईची नोकरी सोडून तिरुनागेश्वरम्‌च्या वाटेवर तळं घेतलं आणि त्यात कटला-रोहू सोडले. (आमच्या घरात कांदासुद्धा येत नाही. पण वाढवायचे आपण, खायचे दुसऱ्यांनी.) हे पहिलंच पीक. बुडालं तर परत चेन्नईला.

एक दिवस म्हणाला, "अम्मा, आठ दिवस माशांचं खाणं बंद."

"का रे, काय पाप केलं त्यांनी?"

"उपाशी ठेवून मग घातलं, की मागं पडलेली वाढ भरून काढतात ते. फक्त नंतर थोडं थोडं घालायचं."

माझ्याच घशाखाली घास उतरेना. नवव्या दिवशी नेमकी द्वादशी. रघु खाद्य आणायला पापनाशम्‌ला गेलेला. मी म्हटलं, एका एकादशीनंतर आपल्याला पारण्याला अगत्तीची, म्हणजे हादग्याच्या पाल्याची भाजी लागते, पायसम लागतं; आणि आठ दिवसांच्या उपाशांना नुसती मूठभर पेंड? भात शिजवला, भाजी कालवली, वर गूळ. (सांबार नाही घातलं. तिखट लागलं असतं.) थोडं थोडं घालायचं लक्षात होतं, म्हणून तिन्ही पातेली एकेक करून ओतली.

मासे असे तुटून पडले, की माझे डोळे भरून आले.

दुपारी राखणीची मुनियम्मा धावत आली. "अम्मा, सगळे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतायत."

"अजून मागतायत गं," म्हणून मी चौथं पातेलं उचललं.

तेवढ्यात रघु पोचला. "अम्मा, ते मागत नाहीत, गुदमरतायत! भातानं पाणी नासलंय."

मग पंप, ताजं पाणी, आणि कमरेएवढ्या पाण्यात आम्ही दोघं चाळणीनं भात उपसतोय. संध्याकाळी मासे खाली गेले. पाच-सहा मेले ते मेलेच.

"ओरड रे एकदा," मी म्हटलं.

"तू जेवलीस का?"

त्यांच्या पारण्यात माझं राहूनच गेलं होतं.

"मग चल. पण थोडं थोडं खा."

आता रघु मापून खाद्य घालतो, मासे झपाट्यानं वाढतायत. मी काठावर गेले, की अख्खं तळं पलीकडच्या काठाला जाऊन उभं राहतं. वाढणारीला बघून पंगत उठून पळाली, हे अडुसष्ट वर्षांत पहिल्यांदाच.