इंदूबाईचा रांजण

दहिवलीच्या पुढे, डोंगरावरून उतरणारी पायवाट जिथे डांबरी रस्त्याला मिळते, तिथे एक बौद्धवाडी आहे. वाडीच्या तोंडालाच विहार, विहाराच्या दारात पिंपळ आणि पिंपळाच्या सावलीत लाल मातीचा एक रांजण. विहार समितीचा, पिंपळ सगळ्या वाडीचा, पण रांजण इंदूबाई सोनावळेचा. त्याबद्दल शंका काढायची वाडीत कुणाची छाती नाही.

इंदूबाई सत्तरी ओलांडलेली. अंगाने वाळकी, जिभेने तिखट. नवरा रेल्वेत गँगमन होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. रोज सकाळी ती विहारात येते, बुद्धाच्या मूर्तीपुढे आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावते आणि त्रिसरण-पंचशील म्हणते. त्यातली पाली तिला कळते असं नाही, पण एकेक शील तिने आपल्या संसारात बरोबर बसवून घेतलं आहे. घरात साप निघाला की ती काठी मागत नाही, बादली मागते. नातवाला ताप आला तर अंगारा नाही, सरळ दवाखाना. शेजारचा कुणी झिंगत घरी आला, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या ओट्यावर ठाण मांडून सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात त्याला पाचवं शील ऐकवते. सुटली नाही ती फक्त सुकट. पोरी चिडवतात, "आजी, पहिलं शील म्हणतेस नि ताटात सुकट?" तर म्हणते, "मी कुटं मारली गं? ती बाजारातून वाळूनच आली!"

रांजणाची गोष्ट मात्र थट्टेची नाही. इंदूबाईचं माहेर खालापूरच्या बाजूचं. लहानपणी ती आईबरोबर दुसऱ्याच्या शेतावर लावणीला जायची. तहान लागली की मालकाच्या पडवीखाली उकिडवं बसायचं, ओंजळ धरायची, आणि वरून कुणीतरी तांब्यातून धार सोडायचं. तांब्याला चुकूनही हात लागू नये म्हणून ती धार भलत्या उंचावरून यायची. अर्धं पाणी ओंजळीत आणि अर्धं कोपरावरून ओघळून परकरात. "तान भागायची," इंदूबाई सांगते, "पन मान खाली जायची."

म्हणून विहार उभा राहिला, तेव्हा लोकांनी मूर्ती आणली, पंखे आणले, सतरंज्या आणल्या आणि हिने रांजण आणला. रोज पहाटे घासायचा, फडक्याने गाळून भरायचा, वर लाकडी झाकण, झाकणावर लांब दांड्याचं पितळी ओगराळं आणि दोन पेले. नियम एकच, इथे वाढपी नाही. ज्याला तहान लागेल त्याने झाकण काढावं आणि आपल्या हाताने घ्यावं, मग तो कुठल्या का जातीचा असेना. एकदा तालुक्याचे एक मोठे साहेब कार्यक्रमाला आले आणि खुर्चीत बसून पाण्याची वाट बघत राहिले. कार्यकर्ते धावणार तोच इंदूबाई म्हणाली, "रांजान तितं हाय, सायेब." साहेब उठले. ती गोष्ट वाडीत अजून चवीने सांगतात.

यंदा त्या रांजणावरच गदा आली. आणली ती परक्या कुणी नाही, सख्ख्या पुतण्याने, नवीनने. तो खोपोलीच्या एका कंपनीत कामाला आहे आणि समितीचा सचिव आहे. पोरगा वाईट नाही, उलट फार चांगला. शिळफाट्याच्या दुकानात त्याने थंड पाण्याचा कूलर पसंत केला होता. बुद्धपौर्णिमेला तो दारात बसवायचा आणि रांजण काढायचा, असं त्याने ठरवलं.

"काकी, शंभर हात त्या ओगराळ्याला लागतात. कूलरचं बरं. नळ उघडला की पाणी. कुणी वाढायला नको, कुणी शिवायला नको."

"नळाला काय कळतंय कोन आला नि कोन गेला?" इंदूबाई म्हणाली. "हितं मानूस आपल्या हातानं झाकन उगडतो. मला त्ये बगायचं आसतं."

"कोण उघडतं गं? परवा बाजारच्या दिवशी ती चिंधी आली होती ना, कातकरवाडीतली? ती खाली बसली, ओंजळ धरली आणि तूच वरून ओतलंस. रिक्षातून बघितलं मी."

इंदूबाईने नजर ओगराळ्याकडे वळवली.

ते खरं होतं. चिंधी डोंगरावरच्या कातकरवाडीतून करवंदांची पाटी घेऊन बाजाराला जायची. येता-जाता रांजणाकडे बघायची, पण कधी थांबायची नाही. त्या दिवशी ऊन कडक होतं. ती पाटी उतरवून दाराबाहेर बसली आणि काही न बोलता तिने ओंजळ पुढे केली. इंदूबाईला दया आली आणि तिने ओगराळं भरून धार सोडली. हात किती उंच धरायचा हे त्या हाताला कुणी सांगावं लागलं नाही. लहानपणी जी उंची खालून बघितली होती, तीच त्याने नेमकी धरली. चिंधीच्या कोपरावरून पाणी ओघळत होतं. नवीन बोलेपर्यंत ते इंदूबाईच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"पौर्णिमेच्या आधी एक बाजार आहे," नवीन म्हणाला. "त्या दिवशी चिंधीने आपल्या हाताने पाणी घेतलं तर रांजण राहू दे. नाही तर काढू."

"बरं," एवढंच ती म्हणाली. त्या दिवशी सुकट असूनही तिला भाकरी गेली नाही. रांजण जाईल याचं दुःख होतंच, पण ज्या धारेखाली आई बसायची तीच धार आपण सोडली, याची तिला मनापासून लाज वाटत होती.

बाजारच्या दिवशी इंदूबाई धुतलेलं पांढरं पातळ नेसून रांजणाशी उभी राहिली. नवीन कामावर खाडा करून विहाराच्या पायरीवर येऊन बसला. ऊन चढता चढता चिंधी आली, बरोबर तिच्याच वाडीतल्या दोघी बायका. पाट्या उतरल्या. चिंधी खाली बसली आणि ओंजळ पुढे झाली.

"उट गं," इंदूबाई म्हणाली. "झाकन काड नि आपल्या हातानं घे."

"नाय बाय. आमचा हात नको लागाया. तुमी वता."

"हितं कोनी वतत नाय."

"त्या दिशी तं वतला तुमी."

"चुकले मी!"

म्हातारी आपल्यावर रागावली असंच चिंधीला वाटलं. ती घाबरून उठली, पदराची चुंबळ केली आणि पाटीला हात घातला. आता ही तहानलेली निघून जाणार, हे इंदूबाईला दिसलं. तिने मागचा-पुढचा विचार केला नाही. पांढऱ्या पातळासकट ती धुळीत बसली, उकिडवी, लहानपणी बसायची तशी, आणि तिने ओंजळ पुढे केली.

"मग तू मला तरी पाज. मला आता उटवत नाय."

यात खोटं न बोलण्याचं चौथं शील काही मोडलं नाही. तिचे गुडघे खरोखरच कामातून गेले होते. नवीन पायरीवरून उठून उभा राहिला, पण पुढे आला नाही.

चिंधी गोंधळली. एकदा त्या दोघींकडे बघितलं, एकदा नवीनकडे. मग खाली बसलेल्या म्हातारीकडे. तिने लुगड्याला हात पुसले, पुन्हा पुसले आणि झाकण उचललं. ओगराळं बुडवून भरलं आणि ती इंदूबाईसमोर येऊन उभी राहिली. खाली पांढरं डोकं वाकलेलं, दोन सुरकुतलेले हात जोडून धरलेले. या जागेवरून ओंजळ चिंधीने कधी बघितली नव्हती.

मग तीही खाली बसली. गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. ओगराळ्याचा काठ तिने इंदूबाईच्या बोटांना टेकवला आणि अगदी हळू कलता केला. इंदूबाई प्यायली. सत्तर वर्षांत पहिल्यांदा ओंजळीतला एक थेंबही कोपराकडे गेला नाही. तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही.

"आता तू पी, बाय माजी."

चिंधी उठली. तिने पेला विसळला, भरला आणि ती उभ्यानेच घटाघटा प्यायली. नवीन पुढे आला, त्याने काकीला दोन्ही हातांनी धरून उठवलं आणि तिच्या पातळाची धूळ झटकली. "कूलर आत सभागृहात बसवू," तो म्हणाला.

तोवर चिंधीबरोबरच्या त्या दोघी खाली बसल्या होत्या. ओगराळं चिंधीच्या हातात आहे हे बघून त्यांनी तिच्यापुढेच ओंजळी धरल्या. चिंधीने ओगराळं झाकणावर ठेवून दिलं.

"उटा गं," ती म्हणाली. "हितं कोनी वतत नाय. आपल्या हातान् घ्या."