त्या दिवशी ढोल गायला नव्हता

ढोल शिंकला की बराकीतल्या ताटल्या वाजत. आमच्या पलटणीच्या गायकपथकात, म्हणजे गावोगावी फिरून लोकांसमोर गाणाऱ्या आम्हा तीस जवानांत, सगळ्यांत जाड आवाज त्याचा. म्हणून हे नाव. तो चिंचपाड्याचा, मी नंदुरबारचा. जिल्हा एक, म्हणून मी 'भाऊ'. त्याच्या घरची बोली वेगळी, तरी माझ्याशी तो हट्टाने अहिराणी बोले, आणि ती अशी बोले की मलाच माझी भाषा परकी वाटे.

कार्यक्रमाआधी आम्ही गळा जपत कोमट पाणी पीत असू. हा पाच भाकरी खाई. "आवाज पोटातून येतो, साहेब," असं त्याने उस्तादांनाही ऐकवलं होतं.

उस्ताद म्हणजे पथक बसवणारे सुभेदार. त्यांचा नियम कडक: लोकांसमोर चुकलेल्याने पुढच्या कार्यक्रमात रांगेत उभं राहून नुसते ओठ हलवायचे. आवाज बंद.

नंदुरबारच्या कार्यक्रमात गाण्यातल्या शांत जागी मी घाईने एकटाच सुरू झालो. लगेच शेजारून ढोल असा गरजला की माझा आवाज त्यात बुडाला.

"ढोल, तू?" उस्तादांनी नंतर विचारलं.

"जी साहेब."

मी बुटांकडे पाहत राहिलो. जुने सोबती अजून ही चूक ढोलची म्हणून हसत सांगतात. ती माझी होती.

"का रे असं केलंस?" मी त्याला विचारलं.

"तुन्हा व्हनारा सासरा पुढे बसेल व्हता ना, भाऊ. लगीन मोडतं ते मन्हं जेवन बुडतं."

पुढचा कार्यक्रम चिंचपाड्याला होता. त्याची आई पहिल्यांदाच त्याला पथकात ऐकणार होती. तिला फारसं दिसत नसे. ढोलने एकट्याने म्हणायच्या दोन ओळी कोणत्या, हे आईला ठाऊक होतं. त्या उस्तादांनी मला दिल्या; ढोलने नुसते ओठ हलवायचे. मी तेव्हाही बोललो नाही. गायलो. कार्यक्रम संपल्यावर आई चाचपडत त्याच्यापाशी आली.

"किती बारीक झाला रे तुझा आवाज! फौजेत खायला देत नाहीत?"

"नाही देत, आई," ढोल गंभीरपणे म्हणाला.

मग शेंगदाण्याच्या लाडवांचे डबे येऊ लागले. अर्धे लाडू तो माझ्यापुढे सरकवी. "खाय भाऊ, आवाज ते तुन्हाच बारीक शे." त्याला पुढची सुटी मिळायच्या आधीच डबे थांबले. आई गेली होती. पथकातला त्याचा आवाज तिने ऐकलाच नाही; त्यावरून त्याने मला कधी टोचलं नाही. माझ्या लग्नात जेवण मात्र पुरेपूर वसूल केलं.

गेल्या महिन्यात ढोलही गेला. दफनाच्या वेळी त्याच्या चर्चमधले सगळे प्रार्थनागीत गायला रांगेत उभे राहिले. "काका, तुम्ही बाबांच्या पथकातले ना? मोठ्याने म्हणा," त्याची मुलगी म्हणाली.

मी रांगेत ताठ उभा राहिलो. शेवटच्या ओळीपर्यंत ओठ हलवले. आवाज काढला नाही.