कागदोपत्री आई

क्रूपेल गावात झ्लाताला सगळे पिसंवाली म्हणत. बदकांची पिसं निवडायची, उशा-गाद्या भरायच्या आणि बाजाराच्या दिवशी विकायच्या, हा तिचा धंदा. नवरा तरुणपणीच खोकून खोकून गेला. मूलबाळ नाही. पण सरकारदरबारी तिला एक मुलगा होता.

रशियात झारच्या राज्यात एकुलत्या एका मुलाला फौजेतून सूट असे. आता देवानंच घरात दोन-दोन, तीन-तीन मुलगे दिले तर माणसानं काय त्यांना विहिरीत ढकलायचं? आमच्या ज्यू लोकांनी त्यावर तोडगा काढला. जास्तीचा मुलगा दुसऱ्या कोणाच्या नावावर चढवायचा. त्यामुळे गावात सख्ख्या भावांची आडनावं वेगवेगळी, आणि कारकुनाचा खिसा गरम. बेर्ल सुताराची बायको एत्के दुसऱ्या मुलाच्या बाळंतपणातून उठली ती थेट झ्लाताच्या दारात आली.

"नुसतं नाव दे गं. पोराचं खाणंपिणं, दुखणंखुपणं सगळं माझं. तुझं काय जातंय?"

खरंच, काय जात होतं? झ्लातानं नाव दिलं आणि लेइझर तिचा मुलगा झाला. कधी कोणी साहेब तपासायला आला तर संशय नको, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी तो तिच्याकडे जेवायला येई. तिला मावशी म्हणे, बदकाच्या चरबीतले बटाटे चाटूनपुसून खाई आणि झोपायला आईकडे पळे. झ्लाताचा अख्खा आठवडा त्या एका संध्याकाळसाठी चालायचा. हे तिनं कधी बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर एत्केनं त्याचं येणं बंद केलं असतं.

लेइझर एकवीस वर्षांचा झाला त्या वर्षी जिल्ह्यातून फौजेला माणसं कमी पडली. सरकारच ते, आपलाच कायदा गुंडाळून त्यानं एकुलत्या मुलांनाही बोलावणं धाडलं. वर्षानुवर्षं बराकीत काढायची, डुकराचं खायचं, वर लाथा खायच्या, आणि परत आलाच तर आईबापांनाच ओळखू येणार नाही असा यायचा. लेइझरनं एत्केचा निरोप घेऊन प्रशियाची सरहद्द गाठली आणि तिथून अमेरिकेचं जहाज पकडलं. झ्लाताला ही बातमी दुसऱ्या दिवशी बाजारात कळली.

पळालेल्याचा दंड घरच्यांवर बसे, तीनशे रुबल. शिपाई अर्थातच कागदावरच्या घरी आला. एत्के समोर आपल्या दारात उभी राहून सगळं बघत होती. तिनं तोंड उघडलं असतं तर लबाडी बाहेर पडून दोन्ही घरं बुडाली असती, म्हणून ती बोलली नाही. झ्लाताचं घर, पलंग, पिसांची पोती, सगळ्याचा लिलाव झाला. स्वतःच्या म्हातारपणासाठी भरलेली गादी शिपायाच्या बायकोनं नेली. झ्लाता बेकरीच्या भट्टीमागे झोपू लागली. एत्के तिला सूप आणून देई आणि ती ते पिई. न पिऊन सांगते कोणाला?

लेइझर न्यूयॉर्कला कोटांना इस्त्री करता करता दोन शिलाई मशिनांचा मालक झाला. इकडे बेर्ल वारला. सुतक फिटल्यावर जहाजाचं तिकीट आलं, झ्लाताच्या नावाचं, म्हणून टपालवाल्यानं ते तिच्याच हातात दिलं. सोबतचं पत्र एत्केच्या घरी मास्तरांनी वाचलं. अमेरिकेत उतरताना आईचं नाव विचारलं तेव्हा लेइझरनं तिथंही झ्लाताचंच सांगितलं होतं. कोणी काही तपासणार नव्हतं. पण साहेबापुढे एकदा सांगितलेलं पुन्हा बदलायचं नाही, ही भीती आमच्या हाडात मुरलेली. आता आईनं, म्हणजे एत्केनं, झ्लाता या नावावर यावं, झ्लातामावशीला तो दर महिन्याला काही ना काही पाठवील, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं.

एत्केनं शेजारी बसलेल्या झ्लाताचा हात धरला. "एवढं एकदाच दे."

"पहिल्यांदा नाव दिलं, घर गेलं," झ्लाता म्हणाली. "आता नावही गेलं, तर माझ्या थडग्यावर काय लिहाल?"

"अगं, त्याची आई मी आहे."

"शिपाई आला तेव्हा म्हणायचं होतंस."

प्रकरण गावच्या धर्मगुरूंकडे, रब्बींकडे गेलं. कापलेली कोंबडी धर्माप्रमाणे खावी की नाही, ते मी सांगू शकतो, म्हणाले बिचारे, आणि पुढच्या आठवड्यात या म्हणून दोघींना वाटेला लावलं. पुढचा आठवडा उजाडायच्या आत झ्लाता तिकीट घेऊन गाडीत बसली. बायकांनी तिला पोरचोर म्हटलं. एत्के मात्र आपल्या दारात उभी राहून नुसती बघत होती, आणि झ्लाताला तेच जास्त लागलं. जहाजावर ती सगळ्यांशी मनातल्या मनात भांडत राहिली. आपलं चुकलं का, या प्रश्नाचं उत्तर रोज वेगळं येई.

न्यूयॉर्कच्या धक्क्यावर एकट्या बाईला बाहेर सोडत नसत. नात्यातल्या कोणी येऊन ओळख पटवली तर ठीक, नाहीतर परतीचं जहाज. लेइझर आला, दाढी काढलेला, डोक्यावर कडक हॅट. त्यानं झ्लाताला पाहिलं आणि तो तिच्या पाठीमागे आईला शोधू लागला. उतारूंची बाकं रिकामी होईपर्यंत शोधत राहिला.

ही तुझी कोण, असं अधिकाऱ्यानं विचारलं. भाषा कळत नसली तरी झ्लाताला प्रश्न कळला. लेइझरनं पुन्हा एकदा रिकाम्या बाकांकडे पाहिलं. मग तो आई म्हणाला आणि फाटक उघडलं.

रस्त्यावर आल्यावर तो थांबला. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"मावशी, माझी कागदावरची आई आज आली. आता माझ्या आईला मी कोण म्हणून बोलावू?"

गेलेलं घर, ती गादी, भट्टीमागची झोप, सगळं त्याला सुनवायचं म्हणून तिनं जहाजावर घोटून ठेवलं होतं. आता तिनं नुसतं गाठोडं पुढे केलं. लेइझरनं तिचं गाठोडं खांद्यावर टाकलं आणि मागे न बघता चालू लागला. तीही त्याच्या मागोमाग निघाली, कारण दुसरीकडे कुठे जायला तिला घर नव्हतं.