पोलवर चढायच्या आधी

पिठाच्या गिरणीवर क्लास असला की दोन गोष्टी साचतात. कीबोर्डवर पीठ आणि डोक्यात किस्से! पीठ मी रोज सकाळी पुसते. किश्शांचं काय करायचं, तुम्हीच सांगा.

मी धाराशिवात नेटवर्किंगच्या सर्टिफिकेट परीक्षेचा दहा दिवसांचा क्रॅश कोर्स घेते. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. चौकशीला येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "मॅडम, कोर्स केला की पास व्हतो का?"

मी चिडते. "अहो, मी शिकवणार, पेपर तुम्ही द्यायचा. ताट वाढलं म्हणून घासही मीच चावू का?"

*

तेरचा ओंकार तिसऱ्या दिवसापासून यायचाच बंद झाला. मोबाईलवर त्याला कुठूनसे पाचशे प्रश्न मिळाले होते, उत्तरांसकट! "आता कोर्स कशाला? पाठ केलं की झालं!"

परीक्षा देऊन आला तो तोंड पाडूनच.

"काय रे, त्यातले प्रश्न आले नाहीत का?"

"लई आले, मॅडम! पण म्या उत्तर 'ब' म्हणून पाठ केलं हुतं. तिथं ते 'ड'ला जाऊन बसलेलं!"

पुढच्या बॅचला गडी पहिल्या बाकावर होता.

*

त्याच बॅचला दत्तूभाऊ आले. नळदुर्गचे, वय त्रेचाळीस. आधी टीव्हीची केबल, मग इंटरनेटची, अशी वीस वर्षं हायवेवरच्या ढाब्यांसाठी पोलवर चढत आलेले. त्यांच्या कंपनीनं बजावलं होतं, दिवाळीपर्यंत सर्टिफिकेट आणा आणि सुपरवायझर व्हा. नाही जमलं तर ठेकेदाराकडं रोजंदारीवर जा.

"म्या वडलेल्या केबलीवर दुसराच कुणी येऊन मला हुकूम सोडणार? न्हाय चालायचं!" म्हणून हा माणूस पोरासोरांत येऊन बसला.

बसला म्हणजे काय, खुर्चीचं त्यांना वावडं! तासाभरात उठायचे आणि खिडकीतून समोरच्या पोलकडं बघत राहायचे.

"मॅडम, त्या वायरीचा जोड ढिला हाय."

"दत्तूभाऊ, बसा!"

*

नेटवर्कमध्ये प्रत्येक कॉम्प्युटरला नंबर असतो. त्या नंबरांचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटातला पहिला आणि शेवटचा नंबर कुणालाच द्यायचा नाही. हे मी दोन तास बोर्डावर शिकवलं. वर्ग ढिम्म!

शेवटी दत्तूभाऊ उठले. "आरं, चौघा भावांची वाटणी हाय. हरेकाच्या तुकड्याला हिकडनं एक बांध, तिकडनं एक बांध. बांधावर कुणी पेरतंय का?"

झटक्यात कळलं सगळ्यांना! त्या दिवसापासून कुणाचं गणित चुकलं की वर्ग ओरडायचा, "बांध कोरला, बांध कोरला!"

माझे दोन तास पाण्यात गेले, पण ते उदाहरण मी बिनदिक्कत चोरलं. अजून वापरते.

*

एक प्रश्न मात्र त्यांचा कायम चुकायचा. गिऱ्हाइकाचं नेट बंद पडलंय, पहिलं काय कराल? पुस्तक म्हणतं, गिऱ्हाइकाला नीट विचारा. दत्तूभाऊ म्हणायचे, पोलवर चढा.

"इचारून काय उपेग? 'कालपत्तर चालू हुतं' येवढंच सांगतेत!"

"तरी विचारायचं!"

"तुमी चढलाव का कदी पोलवर?"

मी म्हटलं, "पोल तुमचा, पण वर्ग माझा. विचारायचं म्हणजे विचारायचं!"

*

परीक्षा सोलापूरला होती. दत्तूभाऊ थोडक्यात नापास झाले. मला पटेचना.

"मॅडम, अवघड अकरा प्रश्न सोडून दिले. म्हणलं, शेवटाला निवांत बगू. शेवटाला बगतोय तर मागं जायचं बटनच न्हाय!"

'अवघड ते शेवटी सोडवा' हे दहावीला गुरुजींनी सांगितलेलं या माणसानं इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. आणि या परीक्षेत मागं जाता येत नाही, हे मी सांगायलाच विसरले होते! इतकी लाज वाटली मला. त्यांच्या पोटाचा प्रश्न आणि घोळ माझा.

"दत्तूभाऊ, चूक माझी आहे."

"आसू द्या वो. दिवाळीला दीड म्हैना हाय. पुन्ना बसतो. आता खुर्चीवरनं उठलो तर नाव सांगणार न्हाय!"

*

नव्या बॅचला झटपट उत्तराची सवय लावायला सगळा वर्ग त्यांच्या मागं लागला. टपरीवर चहावाला विचारायचा, "साखर कमी का जास्त?" दत्तूभाऊ जरा घुटमळले की पास होऊनही टपरीवर येणारा ओंकार ओरडायचा, "बोला भाऊ, मागं जाता येत न्हाय!"

आठव्या दिवशी त्यांच्या बायकोचा मला फोन. "मॅडम, ह्यास्नी काय केलाव वो? मेथी करू का शेपू, इचारलं. ताडकन म्हणले, शेपू! जन्मात शेपूला तोंड लावलं न्हाय त्येंनी! म्हणलं, मेथी करते की. तर म्हणतेत, आता मागं जायचं न्हाय. मुकाट्यानं खाल्ली बगा!"

*

दिवाळीच्या आधल्या आठवड्यात दत्तूभाऊ पास झाले. गिरणीवाल्यानं गिरणी थांबवून पेढे खाल्ले. सुपरवायझरचं पत्रही हातात पडलं.

मग एका दुपारी त्यांचा फोन आला.

"मॅडम, सुपरवायझर झाल्यावरची पयली तक्रार. हायवेचा ढाबा. सवयीनं पोलला शिडी लावली. एक पाय टाकला आन तुमी आठवलाव. म्हणलं, इचारून तर बगू."

"मग?"

"मालकाला म्हणलं, नेट बंद पडायच्या आदी काय काय केलाव? त्यो म्हणला, काय न्हाय, मोबाईल चार्जिंगला लावायला त्या नेटच्या डबड्याची पिन काढली."

मी खो खो हसत सुटले. दत्तूभाऊ हसले नाहीत.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "वीस वर्सांत म्या किती पोल उगंच चढलो आसंन वो?"