टॅग ज्याचा, त्यानेच काढायचा

माझी हनुवटी दाराच्या चौकटीला टांगलेली होती, कंबर खुर्चीला बांधलेली होती, आणि समोर आमचे शेजारी मेश्राम भाऊजी चहा पीत बसले होते. मला सोडवायला ते तयार नव्हते. बिस्किट घ्यायला तयार होते.

मला बोलता येत नव्हतं. हनुवटीखालून गेलेला पट्टा तोंड गच्च मिटवून वर जात होता, तिथून दोरी दारावरच्या कप्पीवर, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला रेती भरलेला तेलाचा डबा. हात वर करून स्वतःच का नाही सुटली, असं तुम्ही विचाराल. दोन्ही हात कंबरेच्या पट्ट्यात आवळलेले, आणि उजवा वर जात असता तर टांगलीच कशाला गेले असते!

दोन वर्षं मान दुखत होती. मानेतून खांद्यात, खांद्यातून कोपरात, जशी गरम सळई आत ठेवून कोणी विसरून गेलं. दुखणं मी सोसलं. पण उजवा हात खांद्याच्या वर जाईना, म्हणून अंबाडा घालता येईना, आणि ते मात्र सोसवेना. केस सून बांधायची. रीना पोरगी चांगली आहे, कुम्हारी गावच्या किराणा दुकानदाराची. पण ती माझे पांढरे केस डोक्याच्या मधोमध रबरात आवळायची. मी कारंज्यासारखी दिसायचे. जयंतीच्या कार्यक्रमाला बाया माझ्याशी बोलताना माझ्या डोळ्यांकडे न पाहता वर पाहत. मला माझा अंबाडा माझ्या हातानं घालायचा होता. दुसरं काही मागणं नव्हतं.

तेलं झाली, लेप झाले, गोळ्यांनी पोट बिघडलं. शेवटी मुलानं पावर हाउस नावाच्या बाजारातल्या एका फिजिओथेरपीवालीकडे नेलं. पोरगी एवढीशी, मनगट माझ्या लाटण्याएवढं. पण मी वांगं घेताना जसं दाबून पाहते, तशी तिनं माझी मान दोन बोटांनी पाहिली आणि दुखतं नेमकं तिथेच थांबली. मी सांगितलंही नव्हतं.

"अम्मा, मेहनत आप करोगी, दर्द मैं कम करूँगी," ती म्हणाली.

तिच्याकडच्या मशीननं मान थोडी ताणली की घरी येईपर्यंत हात हलका वाटे. मी सहसा कोणाची तारीफ करत नाही. तिची करते.

आमचा बुढा (नवऱ्याला मी तोंडावरही बुढाच म्हणते, आणि तो मला बुढी) बरोबर यायचा. जन्म प्लांटच्या मेंटेनन्समध्ये गेलेला. त्यामुळे तो माझ्याकडे पाहत नसे, मशीनकडे पाहत असे.

एके दिवशी ऑटोत म्हणाला, "याच्यात काय हाय? एक कप्पी अन् एक वजन. मी घरीच बनवतो तुह्यासाठी."

आणि बनवलं! पट्टा त्यानं माझ्या जुन्या लुगड्याच्या काठाचा शिवला, आत कापूस घालून, हनुवटीला टोचू नये म्हणून. टाके इतके बारीक की माझ्या शिवणाची मला लाज वाटली. मी मधेच उठू नये म्हणून उंचीवर काम करणाऱ्यांचा जुना सेफ्टी बेल्ट काढून मला दोन्ही हातांसकट खुर्चीला बांधलं, बक्कल मागे. मग दार कोणी लावू नये म्हणून दाराला टॅग अडकवला.

हा टॅग समजावून सांगते. लाल पत्र्याची पाटी. तिच्यावर लिहिलेलं, आदमी काम कर रहा है, हाथ मत लगाओ. प्लांटमध्ये मशीन बंद करून आत माणूस उतरला की स्विचवर ही पाटी लागते. आणि जो लावतो त्यानेच ती काढायची. बाप असो की साहेब, दुसऱ्या कोणी काढायची नाही. कारण आत कोण आहे ते फक्त लावणाऱ्याला ठाऊक असतं. या एका नियमावर आमच्या कॉलनीतले पुरुष दोन्ही हात घेऊन घरी येत आले.

"बुढी, हालू नको," बुढा म्हणाला. "डॉक्टरीणबाईले आणून दाखवतो. आत्ता आलो."

पावर हाउसला 'आत्ता' जाऊन कोणी परत आलेलं मी पाहिलेलं नाही.

सुरुवातीला बरं वाटलं. मग नाक खाजलं. मग माशी आली, नेमकी खाजत होतं तिथेच बसली, आणि मला खाजवण्याऐवजी स्वतःचे पाय खाजवू लागली. रीना स्वयंपाकघरातून आली, मला पाहिलं, आणि दोरीकडे हात नेला. तेवढ्यात पेपर मागायला मेश्राम भाऊजी बाहेरच्या दारात.

"हात लावू नको, पोरी," ते म्हणाले. "टॅग हाय."

मेश्राम भाऊजी बुढ्याच्याच शॉपमधून, म्हणजे प्लांटमधल्या खात्यातून, रिटायर झालेले. त्यांनी मला जयभीम घातला, हात पाठीमागे बांधले आणि कप्पी, दोरी, डबा असं क्रमानं निरखलं. काम पक्कं झालंय म्हणाले. मग टॅगवर राखण म्हणून खुर्ची ओढून बसले.

मला घाम फुटला होता. रीना पंखा लावायला गेली, तर भाऊजींनी तिला तिथेही अडवलं. टॅग असताना कोणतंच बटन दाबायचं नाही म्हणे!

"काकाजी, पंखा तो पंखा है," रीना म्हणाली.

भाऊजींनी तिच्याकडे दयेनं पाहिलं. किराणावाल्याची पोर, तिला काय समजणार. पंख्याऐवजी त्यांनी तिला चहा करायला सांगितलं. तिनं बाबूजींना फोन लावला, तो आमच्याच फळीवर वाजला. बुढा फोन घरीच ठेवून गेला होता.

तिकडे दूध उतू गेलं, इकडे माझ्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. दुखत नव्हतं, माशी डोळ्यात शिरत होती. पण रीना घाबरली.

"लावणारा मानूस सापडला नाही तर मग काय करायचं, काकाजी? काही तो रूल असंल ना?"

"हाय ना. त्याच्या साहेबाची परवानगी लागते."

"बाबूजींचा साहेब कोण?"

भाऊजींनी बिस्किट चहात बुडवून ठेवलं आणि विचार केला. बिस्किट तुटून कपात पडलं. मग त्यांनी बोट माझ्याकडे केलं.

"वैनीच," ते म्हणाले. उभे राहिले, शर्ट नीट केला आणि माझ्यापुढे येऊन रीतसर विचारलं, "वैनी, टॅग काढाची परवानगी हाय का?"

मला फक्त 'हं' म्हणायचं होतं. बंद तोंडानं ते म्हणता येतं. रीनाचे हात दोरीपर्यंत पोचले होते.

मी म्हणाले, "उंहूं."

का म्हणाले, ते मला आजही नीट सांगता येत नाही. सगळा संसार मी याच नियमावर केला. बुढा ड्युटीला गेला की एकच मनात असायचं, त्याचा टॅग दुसऱ्या कोणी काढू नये. आता त्याचा टॅग मीच काढू देऊ? माशी नाकावर घेऊन मी बसून राहिले.

शेवटी बुढा आला, मागे डॉक्टरीण. ती दारातच थांबली.

"अंकल, ये क्या किया? पहले अम्मा को उतारो."

बुढ्यानं आधी टॅग काढला. खिशात ठेवला. मग मला सोडवलं.

त्यानंतर त्या एवढ्याशा पोरीनं बुढ्याला आणि मेश्राम भाऊजींना भिंतीशी उभं करून जे ऐकवलं, ते ऐकून माझी अर्धी मान तिथेच सुटली. विचारल्याशिवाय मान ताणायची नसते, एवढा वेळ तर नाहीच, नस दबली असती तर हात कायमचा गेला असता. बुढा मान खाली घालून उभा. मी तेव्हा कुठे उजव्या हाताची बोटं हलवून पाहिली. टांगलेली असताना ते सुचलं नव्हतं.

पण जाताना ती थांबली. कप्पी फिरवून पाहिली. पट्टा काढला, डबा काढला, दोरीच्या दोन्ही टोकांना धरायला कापडाच्या मुठी बांधल्या आणि माझ्या हातात दिल्या. चांगल्या हातानं खाली ओढायचं की दुखरा हात आपोआप वर जातो. "कप्पी बढ़िया लगाई है, अंकल," ती म्हणाली. बुढ्याची मान ताबडतोब वर आली.

मग रोज सकाळी त्या दाराखाली बसून मी ओढत राहिले. ती दर आठवड्याला हात किती वर गेला ते पाहून नवा व्यायाम द्यायची, आणि मी ओरडले तरी सोडायची नाही. थंडी सरली तेव्हा एका सकाळी मी रबर फेकून दिलं आणि अंबाडा घातला. वाकडा झाला. माझा होता.

बुढा ही गोष्ट सगळ्यांना सांगतो. त्याच्या गोष्टीत त्याची कप्पी आहे, मेश्राम भाऊजींची राखण आहे, डॉक्टरीणबाईची शाबासकी आहे. टांगलेल्या बाईचं काय झालं, हे कोणी विचारत नाही. परवानगी मागितली तेव्हा नाही म्हणणारी ती बाई वाचली, हात वर करून केस बांधते, आणि ती मी आहे.