मोहसीनची मॉरिस

मोहसीनला गाड्यांचं वेड होतं असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. वेड पत्त्यांचं असतं, लॉटरीचं असतं. मोहसीनचा गाड्यांवर जीव होता, आणि तोही सगळ्या गाड्यांवर नाही. जुन्या पनवेलात माझं बॅटऱ्यांचं दुकान आहे. हल्लीच्या गाड्या दिवसभर दारात उभ्या असतात, एकेक बंगल्याएवढी. मोहसीन त्यांच्याकडे ढुंकून बघायचा नाही. "कमळाकर, या सगळ्या साबणाच्या वड्या रे," म्हणायचा. पण रस्त्यानं एखादी जुनी हिलमन नाहीतर हेराल्ड गेली, की चहा टाकून बाहेर.

आम्ही शाळेपासूनचे दोस्त. तेव्हा पनवेलात एका डॉक्टरांकडे मॉरिस मायनर होती, छप्पन सालची, फिकट हिरवी. किल्ली फिरवली की पेट्रोलचा पंप आतून टकटक करायचा, मग सावकाश होत थांबायचा; थांबला की गाडी चालू करायची. वळताना दाराच्या मागच्या खांबातून नारिंगी दिव्याचा एक छोटासा हात बाहेर यायचा. उतारावर पाय काढला की मागून अशी काही फुरफुर यायची की डोळे मिटूनही ओळखावी. हे सगळं त्यानं सांगितलेलं हं! मला गाडी म्हणजे तेव्हाही चार चाकं वाटायची, आजही वाटतात. पण तो बोलायला लागला की ऐकत बसावंसं वाटायचं. "इंग्रजांनी साध्या माणसासाठी बनवली रे ही, मास्तरासाठी, पोस्टमनसाठी. पण दाराची मूठ बघ, नवाबाला द्यावी तशी!"

डॉक्टर गेले, मुलं परदेशी गेली, तेव्हा मोहसीननं मस्कतच्या पहिल्या कमाईत ती गाडी घेतली. गाडी इथे मोहल्ल्यात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणि हा तिकडे वर्कशॉपमध्ये, अशी अख्खी जवानी गेली. सुट्टीवर यायचा तेव्हा गंमत. गल्फवरून माणूस आला की पेटी उघडताना सगळे नातेवाईक जमतात. अत्तर, खजूर, ब्लँकेट, कुणाला घड्याळ. याच्या पेटीतून काय निघायचं? टॉवेलात गुंडाळलेलं स्टिअरिंग! एकदा हलीमाभाभींनी मोठ्या हौसेनं एक मऊ पुडकं फोडलं, तर आत दारांचे रबर. "या अल्ला, हेच नेसू का ईदला?" म्हणाल्या. सगळे हसून लोटपोट, तोही हसला. एकेक सामान विलायतेहून मागवलेलं, असली. इकडचा नट त्याला चालायचा नाही. काम अर्धं राहायचं आणि सुट्टी संपायची. कायमचं परत यायचं, गाडी पुरी करायची आणि मुंबईला जुन्या गाड्यांच्या रॅलीत न्यायची, एवढंच त्याचं मागणं.

मागच्या वर्षी तो कायमचा यायचा ठरला. असा माणूस परत यायचा असला की आमच्याकडे त्याच्या आधी घर नवं करतात. रंग काढतात, फरशी बदलतात. हे सगळं अदीबनं केलं. अदीब त्याचा मुलगा, द्रोणागिरीला एका गोदामात सुपरवायझर आहे. गुणी पोरगा, बापावर माया करणारा. घर झाल्यावर त्याला वाटलं, अब्बांचा जीव तर गाडीत आहे, मग तिला कशाला जुनी ठेवायची? त्यानं मॉरिस एका गॅरेजवाल्याला दिली. नवं इंजिन बसवलं. एसी बसवला. जाडजूड काळी चाकं, लालभडक चमकता रंग. सीटचं चामडं उसवून रेक्झिन घातलं. सिग्नलच्या त्या हातांच्या खाचा पुट्टी भरून बुजवल्या. आणि जुनं इंजिन, पंप, राहिलेलं सगळं भंगारवाल्याला देऊन टाकलं.

मला विचारलं? डोंबल! सरप्राइज म्हणे. कमळाकरचाचांच्या पोटात काही राहत नाही म्हणून मला पत्ता लागू दिला नाही. अरे शहाण्या, एक शब्द बोलला असतास तर त्या गॅरेजच्या दारात आडवा पडलो असतो मी!

मोहसीन आला त्या दिवशी मी तिथेच होतो. अदीबनं गाडीवरची चादर ओढली. लहानग्या जिक्रानं, अदीबच्या मुलीनं, टाळ्या वाजवल्या.  मोहसीन जवळ गेला आणि दाराच्या खांबावरून, जिथे खाच होती तिथून, बोट फिरवत राहिला. "अब्बा, चालू करा ना," अदीब म्हणाला. त्यानं केली. अदीबचा चेहरा नुसता फुललेला. "कळतच नाही चालू आहे ते, हो ना?"

"नाही कळत," मोहसीन म्हणाला. उतरून त्यानं पोराला मिठी मारली. "माशाल्ला, बेटा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच दुकानात हजर. "कमळ्या, माझं इंजिन कुठंय?" गॅरेजवाल्याला विचारून भंगारवाल्याला शोधून काढलं. तो म्हणाला, ते तर कधीच भट्टीत गेलं, वितळलं पण असेल. मोहसीन तिथेच भंगाराच्या ढिगावर बसला आणि रडला. पांढरी दाढी झालेला माणूस, मोठ्यानं रडला. माझं टाळकं सटकलं. म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता अदीबला चार शब्द सुनावतो.

"खबरदार!" त्यानं माझी कॉलर धरली. "पोरगा किती खूश आहे बघितलंस ना? माझं गेलं ते गेलं. त्याचं कशाला घालवू? त्याला कधी कळता कामा नये. तुझ्या तोंडून निघालं तर आपली दोस्ती खलास."

मग काय, मीही तोंडाला कुलूप लावलं. दर जुम्म्याला नमाजनंतर मोहसीन सगळ्यांना त्या लाल गाडीतून फिरवायचा. एसी लावून. अदीब व्हिडिओ काढायचा आणि हा हसायचा. मला ते बघवत नसे, खरं सांगतो.

आणि अदीबनं दुसरं सरप्राइज काढलं. रॅलीत नाव दिलं! मोहसीननं तब्येतीचं निमित्त काढलं. मी ऊन सांगितलं, ट्रॅफिक सांगितलं. "चाचा, अब्बांचं आयुष्यभराचं स्वप्न आहे, आणि तुम्ही ऊन सांगता?" कपाळ माझं! आम्ही तिघे गेलो.

मैदानात गाड्या ओळीनं लावलेल्या. जग्वार, ऑस्टिन, एक काळी सिट्रोएन, आणि टोकाला एक मॉरिस मायनर, राखाडी, जशीच्या तशी. मोहसीन आमच्या गाडीतून उतरला आणि सरळ तिच्याकडे चालू लागला. इकडे रॅलीतल्या एक बाई आमची गाडी तपासायला आल्या. त्यांनी बॉनेट उघडलं, बघितलं आणि हळूच लावलं. "मेहनत छान घेतलीय," त्या अदबीनं म्हणाल्या, "पण ही आता मॉरिस नाही हो. नुसता वरचा पत्रा आहे. बाहेरच्या पार्किंगला लावा, प्लीज."

अदीब भांडायच्या तयारीत होता. "माझ्या वडिलांना विचारा, त्यांना यातलं सगळं कळतं," असं म्हणून तो वळला. मोहसीन पांढऱ्या कुर्त्यानिशी गवतावर उताणा झोपून त्या परक्या मॉरिसच्या खाली शिरला होता. बोलत होता, हात वर करून मालकाला काहीतरी दाखवत होता, खदखदून हसत होता. असा चेहरा अदीबनं घरी एकदाही पाहिला नव्हता. तो बघतच राहिला. मग गाडी बाहेर घेऊन गेला.

 परतीच्या वाटेवर कळंबोलीच्या अलीकडे अदीबनं गाडी बाजूला घेतली.

"अब्बा, जुनं इंजिन मी भंगारात दिलं."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"आलो त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"मग तुम्ही दर जुम्म्याला..." त्यानं हात पुढे करून एसी बंद केला. "मला एक मुस्काटात तरी द्यायची होतीत."

मोहसीननं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. अदीबनं तो काढला नाही, पण बापाकडे बघितलंही नाही. 

याला आता बरेच महिने झाले. गाडी शेडमध्ये पडून आहे. अदीब मुद्दाम रात्रपाळी मागून घेतो. मोहसीन उठायच्या आत येऊन झोपतो, तो नमाजला गेला की जेवून निघतो. हलीमाभाभींनी दोघांना समजावून पाहिलं, मीही पाहिलं, आवाज चढवून पाहिलं. अदीब खाली मान घालून एवढंच म्हणतो, "चाचा, अब्बांसमोर कुठल्या तोंडानं जाऊ?" मोहसीन माझ्या दुकानात येऊन बसतो, रस्त्याकडे पाठ करून. काल म्हणाला,

"कमळ्या, त्याला कळू दिलं नाही तोवर निदान पोरगा तरी होता रे मला."