हळद आणि कोंडलेला हातोडा

आज डब्यातली हळद दमट होऊन घट्ट बसली होती. वैतागून बुडावर हात आपटला आणि थबकले. हेच करू नका म्हणून मी सांगलीच्या हळद कारखान्यात देखरेखीला असताना ओरडायचे.

तिथे पावडर हॉपरच्या, म्हणजे पत्र्याच्या मोठ्या नरसाळ्याच्या, खालच्या तोंडाशी अडकायची. आटपाडीचे कामगार बिरूमामा हातोड्याने पत्रा ठोकून ती पाडत. पत्र्याला पोचे पडायला लागले, म्हणून मी हातोडा कपाटात कुलपात ठेवला आणि काय-काय थांबवायचे याच्या माझ्या यादीतले ते काम खोडले.

दुसऱ्या दिवशी पाहते तर मामा हॉपरच्या आत! अडकलेल्या थरावर उभे राहून पाय आपटत होते. थर खचला असता तर हळदीत गाडले गेले असते.

“मामा, आधी बाहेर या! जिवावर उदार झालाय का?”

भुवयांपर्यंत पिवळे होऊन ते उतरले. “आवं मॅडम, हातोडा तुमीच कोंडलाय न्हवं? मग हळदीला काय ओव्या म्हणून खाली आणू?”

तेव्हा मी त्यांच्यावरच चिडले होते. किल्ली मात्र मुकाट्याने दिली. हॉपरमध्ये उतरू नये, हे माझ्या एवढ्या लांब यादीत कुठेच नव्हते.

आज डब्याच्या बुडावर पुन्हा हात आपटला. पोचा पडला तर पडला.